सातवी चौकट

बाई, गेल्या आठवड्यात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं आणि मी दोन मिनिटांत खाली बसले. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. तुमच्या भाचीनं, प्रज्ञानं, पाण्याचा ग्लास पुढे केला. येरवड्याच्या त्या विहारात पांढऱ्या कपड्यांत माणसं दाटीवाटीनं बसली होती. तुमचे विद्यार्थी, तुमच्या वस्तीतले लोक, आपल्या विभागातले झाडून सगळे. जो तो मला सांगत होता, "सुरेखा, तू होतीस म्हणून बाईंचं शेवटी नीट झालं." मी मान हलवत होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "इतकी हलवू नकोस, लचक भरेल."

मी जे बोलले ते खरं होतं. येरवड्यात वाढलेल्या मुलीनं एम.एस्सी.च्या सहलीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि नंतर तिनं सगळी कारकीर्द त्याच्या काठावरच्या एका खडकावर घालवली, हे मी सांगितलं. "पुण्यात बसून कसला समुद्राचा अभ्यास?" असं विचारणाऱ्यांना तुम्ही "इथे पाणीच येत नाही, त्यामुळे लक्ष विचलित होत नाही" असं उत्तर द्यायचात, तेही सांगितलं. लोक हसले. जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे आणि तुमच्या विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत छापायला देणार आहे. घरात बसून तुम्हाला एकटीला सांगितलं तर ते पुन्हा आपल्या दोघींतच राहील. आणि त्या दोघींतली आता मी एकटीच उरले आहे.

ज्यांनी आपला खडक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोकणातल्या एका गावाच्या टोकाला तो आहे. गावाचं नाव तुम्ही कधी छापू दिलं नाहीत, उद्या लोक तिथे वेफर्सची पाकिटं घेऊन येतील म्हणून; तेव्हा मीही लिहीत नाही. भरतीला तो पूर्ण बुडतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला दोन-तीन तास उघडा पडतो. त्यावर तुम्ही दहा जागा ठरवल्या होत्या. प्रत्येक हातभर लांब, हातभर रुंद. चार कोपऱ्यांना खडकात ठोकलेले खिळे आणि शेजारी लाल ऑइलपेंटची फुली. खिळ्यांवर पाइपची चौकट बसवायची आणि आत काय काय आहे ते मोजायचं. कालवांचे शिंपले किती, शंख किती, शेवाळानं किती जागा धरली, खडकाला चिकटलेले पांढरे बार्नॅकल किती. पावसाळ्याचे चार महिने सोडून दर महिन्याला त्याच दहा जागा, वर्षानुवर्षं. जागा तीच असेल तरच त्यात काय बदललं ते कळतं. सगळं काम या एका गोष्टीवर उभं होतं.

दुसरा नियम वहीचा होता. वहीत पेन्सिलनं लिहायचं, कारण शाई पाण्यात फुटते. पण खोडरबर खडकावर आणायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मी विचारलं होतं, "सही कशाला?" तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "चूक कुणाची ते कळू दे की."

मी कात्रजची. डेअरीला दूध घालणाऱ्या घरातली. पहिल्यांदा तुमच्याबरोबर निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "येवढ्या लांब गोगलगाई मोजाया कशापायी जायचं? आपल्या परसात काय कमी हायत?" हे मी तुम्हाला एसटीत सांगितलं आणि तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की कंडक्टर मागे वळून बघायला लागला. पुढे प्रत्येक परिषदेत तुम्ही ते वाक्य ऐकवायचात, आणि वर म्हणायचात, "या विषयावर इतका गंभीर आक्षेप दुसऱ्या कुणीच घेतला नाही." आईला मी ते सांगितलं तेव्हा ती लाजली आणि तुमच्यासाठी खरवसाचा डबा दिला. त्या दिवसापासून मी तुमच्या घरची झाले.

त्याच पहिल्या खेपेला तुम्ही भिंगातून बार्नॅकल दाखवला होतात. लहान असताना तो पाण्यात मोकळा पोहत असतो, मग एक जागा निवडतो, तिथे डोकं चिकटवतो आणि भोवती कवच बांधून सगळं आयुष्य काढतो. मी विचारलं, "आणि जागा चुकली तर?" तुम्ही म्हणालात, "तर तिथेच मरतो. त्याला जागा बदलता येत नाही, बिचाऱ्याला. तुला येते. चल, पाणी वाढतंय."

माझी जागा चुकली ती तुमचे वडील शेवटच्या आजारात होते त्या वर्षी. पावसाळा संपला होता, ऑक्टोबरची पहिली मोठी ओहोटी चुकवायची नव्हती आणि तुम्हाला येरवडा सोडता येत नव्हतं. तुम्ही मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलंत. दारात सांगितलंत, "एखादी चौकट सापडली नाही तर 'सापडली नाही' असं लिही आणि परत ये. काही बिघडत नाही." नऊ चौकटी सापडल्या. सातवी सापडेना. ती घळीच्या पलीकडे, एका कड्याआड होती. पावसाळ्यात रंग धुऊन गेला होता आणि सगळीकडे हिरवं शेवाळ माजलं होतं. मी तासभर गुडघ्यांवर रांगले. पाणी चढायला लागलं होतं. तुम्ही इतक्या विश्वासानं पाठवलंत आणि मी रिकामा रकाना घेऊन परतायचं, हे मला सोसेना. एक भेग दिसली, ओळखीची वाटली. मी तिथे नवे खिळे ठोकले, लाल फुली मारली, मोजलं, फोटो काढला. जुने खिळे गंजून गेले असं वहीत लिहिलं.

पुण्यात तुम्ही जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवलात. नव्या फोटोत कालवं जवळजवळ नव्हतीच. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "वरचा पापुद्राच सुटून गेलेला दिसतोय. नवा खडक उघडा पडलाय. सुरेखा, ही तर मेजवानी आहे, आता इथे जीव परत कसा येतो ते बघता येईल." तुमचे वडील आत शेवटचे दिवस मोजत होते आणि तुमच्या चेहऱ्यावर त्या महिन्यात पहिल्यांदा आनंद दिसला. मला तेव्हा खरंच वाटलं की असेलही तसं.

डिसेंबरात तुम्ही आलात. वडील जाऊन महिना झाला होता. तुमचा गुडघा दुखायला लागला होता, घळ उडी मारून ओलांडायची म्हणून तुम्ही एक ते पाच घेतल्यात आणि मी सहा ते दहा. पुढे तीच वाटणी कायम राहिली. शेवाळ वाळून गेलं होतं. माझ्या लाल फुलीपासून आठ-दहा पावलांवर मला चार गंजलेले खिळे दिसले. त्यांच्या मधे कालवं अगदी दाटीवाटीनं, आधीच्या फोटोत होती तशीच. मी तिथे उकिडवी बसून राहिले. कड्याच्या पलीकडून तुमची हाक आली, "सात ठीक आहे ना गं?"

मी म्हणाले, "हो."

तेवढाच एक शब्द, बाई. ऑक्टोबरातली चूक होती. त्यावर रेघ मारून सही करता आली असती. डिसेंबरातलं ते चूक नव्हतं. तुम्ही नुकत्याच सावरत होतात, सातचं टिपण लिहायलाही घेतलं होतंत, आणि पुढच्या महिन्यात सांगू असं मी ठरवलं. पुढच्या महिन्यात ते जास्त अवघड झालं. मग माझ्या पीएच.डी.त सातवर एक अख्खं प्रकरण झालं. मग मला नोकरी लागली. पहिला महिना गेला की नंतरचे महिने आपोआप जातात.

अकरा वर्षं मी त्या चुकीच्या जागेवर बसून अगदी प्रामाणिकपणे मोजत आले. एकही आकडा खोटा लिहिला नाही. आणि अकरा वर्षं तुम्ही विचारत राहिलात की कालवं परत का येत नाहीत. सहामध्ये आहेत, आठमध्ये आहेत, मग सातनं काय पाप केलंय? तुम्ही पाण्याचं तापमान तपासलंत, दगडाचे तुकडे भूगर्भवाल्यांना दाखवलेत, गावातल्या बायका तिथली कालवं काढून नेतात का म्हणून त्यांना विचारलंत, तर त्या तुमच्यावर चिडल्या. तुमचं पुस्तक नऊ प्रकरणं होऊन सातसाठी अडून बसलं. आपली सगळ्यात मोठी भांडणं त्यावरच झाली. मी म्हणायचे, "बाई, सात काढून टाकू. नऊ चौकटींवर पुस्तक उत्तम होतं." तुम्ही म्हणायचात, "आपल्याला कळत नाही म्हणून काढून टाकायचं? मग मोजायचं तरी कशाला, घरी बसून लिहिलं असतं की." एकदा तर मी चिडून पाय आपटत जिना उतरले. तुम्हाला वाटलं, मी आळशी झाले. नोकरी लागली की माणसं आळशी होतात, असं तुम्ही प्रज्ञाला म्हणालात. ते मला लागलं आणि बरंही वाटलं. आळशी म्हटलेलं परवडत होतं.

पण मला तोंड उघडायला लावणारी गोष्ट ही नाही. आकडे काय, दुरुस्त होतात.

तुम्हाला श्वासाचा त्रास सुरू झाला आणि वर्षभरात तुम्ही त्या तिसऱ्या मजल्यावर अडकलात. लिफ्ट नाही, हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशीन, आणि त्याची नळी जिथवर पुरेल तेवढंच जग. पलंग, खिडकी, स्वयंपाकघराचा उंबरा. ओट्यापर्यंत नळी पुरायची नाही म्हणून चहा दुसऱ्यानं करायचा, आणि तो तुम्हाला कधीच आवडायचा नाही. "बार्नॅकल झाले मी, सुरेखा," तुम्ही म्हणालात, "फरक एवढाच की ही जागा मी निवडली नव्हती." आणि मग तुम्ही म्हणालात, "एकदा मला सात दाखव."

पहिल्यांदा मी म्हटलं, फार शेवाळ आहे, घळ कशी ओलांडणार? तुम्ही म्हणालात, गावातली माणसं खुर्चीवर बसवून नेतील, मी बोलून ठेवलंय. म्हणजे तुम्ही खरंच फोन केला होतात. दुसऱ्यांदा मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणतात. बाई, डॉक्टर नको म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "सिलिंडर बरोबर ठेवा, सावकाश जा, त्यांना बरं वाटेल." मी जिना चढता चढता त्याचं उलटं केलं. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. तिसऱ्यांदा तर तुम्ही जायचं म्हणतच नव्हतात. फक्त म्हणालात, "तिथून व्हिडिओ कॉल कर. मला नुसतं बघू दे." मी म्हटलं, तिथे रेंज नसते. त्या खडकावर मोबाइलला चार कांड्या रेंज असते.

मला माहीत होतं, तुम्ही ती जागा एकदा पाहिलीत की क्षणात ओळखाल. म्हणून मी तुम्हाला समुद्र बघू दिला नाही. सगळे म्हणतात, सुरेखानं किती जपलं. जपत होते मी स्वतःला.

त्याऐवजी मी तुम्हाला खडकवासल्याला नेलं. आठवतं? रविवारी, गाडीत मागे सिलिंडर, पुढे तुम्ही. काठाला गर्दी, कणसं, भजी, सेल्फी. मी काच खाली केली. तुम्ही भाजलेलं कणीस हातात धरून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "छान आहे. पण ह्याला ओहोटी येत नाही गं. खाली काय आहे ते कधी दिसायचंच नाही." माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी "बाई" एवढं म्हणालेही. तुम्ही वळून पाहिलंत आणि वाट बघितलीत. खरंच वाट बघितलीत, मला आजही तो चेहरा दिसतो. मी विचारलं, "मीठ-लिंबू कमी आहे का?" तुम्ही म्हणालात, "नाही, बरोबर आहे."

तुम्हाला काही जाणवलं होतं का? गेले तीन आठवडे मी हेच मनात घोळवते आहे. जाणवलं असतं तर तुम्ही मला सोडलं नसतंत, सरळ विचारलं असतंत, असं एकदा वाटतं. मग वाटतं, तुम्ही त्या दिवशी विचारलंतच होतं, न बोलता. याचं उत्तर आता मिळणार नाही आणि हे न कळणं मला घेऊनच राहायचं आहे.

कार्यक्रमानंतर तुमच्या घरी प्रज्ञानं मला तुमच्या टेबलावरचा गठ्ठा दिला. म्हणाली, "ताई, आत्याचं पुस्तक तुम्हीच कंप्लीट करा. दुसऱ्या कोणाला काहीच समजणार नाही त्यातलं." दहाव्या प्रकरणाचा एकच कागद होता. वर "सातवी चौकट" असं शीर्षक, आणि खाली तुमच्या त्या शेवटच्या दिवसांतल्या थरथरत्या अक्षरात तीन ओळी. "सातमध्ये काय झालं ते मला कळलं नाही. चूक माझ्या समजण्यात असणार. सुरेखाच्या मोजणीत चूक नसते."

मी तो कागद प्रज्ञासमोर वाचला आणि तिथेच तिला सगळं सांगितलं. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं सांगायला फार वेळ लागला नाही. तिला चौकटी, कालवं, प्रबंध यातलं काही लागलं नाही. तिनं एकच विचारलं, "डॉक्टर हो म्हणाले होते?" मी हो म्हणाले. "आत्या रोज ॲपवर भरतीचे टाइम चेक करायची, ताई. शेवटच्या आठवड्यातपण." मग ती उठून आत गेली. मी जिन्यापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "पुढची ओहोटी कधी आहे?"

आम्ही दोघी गेलो. घाट उतरेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि मीही काही मागितलं नाही. खडकावर तिनं वही माझ्या हातातून घेतली. "तुम्ही मोजा. मी लिहिते." घळीपलीकडे चारातले दोनच खिळे उरलेत, तेही बोटांनी चाचपावे लागले. मी चौकट बसवली. बाई, कालवं आहेत. सहामध्ये आहेत, आठमध्ये आहेत, तशीच सातमध्ये आहेत. जुन्यांवर नवी बसलेली, हात ठेवला तर कापेल इतकी धारदार. पापुद्रा सुटला नव्हता, पाणी तापलं नव्हतं, गावातल्या बायकांनी काही नेलं नव्हतं. सातमध्ये काहीही झालेलं नव्हतं.

मोजून झाल्यावर प्रज्ञानं फोन काढला आणि त्या जागेचा व्हिडिओ घेतला. सावकाश, चारी कोपरे, मग वर समुद्राकडे. मी विचारलं नाही, कुणासाठी. ती रडत होती आणि मला जवळ येऊ देत नव्हती. ते बरोबरच होतं.

तुमचं पुस्तक आता पुरं होईल आणि ते तुमचंच असेल. तुमची सगळी मांडणी बरोबर होती, फक्त मी तुम्हाला चुकीच्या दगडाकडे बघत बसवलं होतं. माझ्या प्रबंधाबद्दल विद्यापीठाला पत्र पाठवलं आहे. काय व्हायचं ते होईल. हे सगळं लिहिल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. तुमच्या हॉलमध्ये, त्या खिडकीपाशी बसून लिहिते आहे. मशीन परत नेलंय, नळी मात्र गुंडाळून कोपऱ्यात तशीच राहिली आहे. मी मघाशी ती पसरून पाहिली. दारापर्यंतसुद्धा पुरत नाही.

अकरा वर्षांच्या वह्या समोर आहेत. रेघ मारायला सकाळपासून बसले आहे, दुपार झाली, अजून निम्म्याही झाल्या नाहीत. सातचा रकाना आला की एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. पुढचं पान, पुन्हा सही. हात भरून आलाय. चूक कुणाची ते कळू दे की, बाई.